वाघ, वन आणि वाहते पाणी

लांडग्याने नदी बदलली, ही कथा अलीकडे आपल्याकडील सुशिक्षित घरांतूनही रुजू लागली आहे. पर्यावरणाविषयी व्याख्यान असले की वक्ता ती दृष्टान्त म्हणून सांगतो, आणि ज्यांनी उभ्या जन्मात लांडगा पाहिलेला नसतो असे श्रोतेही ती ऐकून हेलावतात. कथा सुंदर आहे यात शंका नाही. परंतु जी कथा ऐकून माणसे रानाचे आणि नदीचे काय करावे याविषयी मत बनवितात, तिची परीक्षा नुसत्या रसाच्या कसोटीवर करून भागत नाही. ती खरी आहे काय, आणि आपल्या भूमीस लागू पडते काय, हेही पाहावे लागते. ही परीक्षा प्रस्तुत लेखात करावयाची असून तीसाठी कर्जत तालुक्यातील कोंडाणे हे उल्हास नदीच्या खोऱ्यातील स्थळ आम्ही डोळ्यांसमोर ठेवले आहे.

प्रथम कथा सांगू. अमेरिकेतील यलोस्टोन येथे १८७२ साली राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. तेथील लांडग्यांची पद्धतशीर कत्तल होऊन १९२६ च्या सुमारास ते नामशेष झाले. मग सांबराचे थोरले भाऊबंद शोभतील अशी तेथील एल्क नावाची हरणे माजली आणि त्यांनी नदीकाठची विलोची झाडे खुडून बुटकी करून टाकली. विलो म्हणजे आपल्या ओढ्याकाठच्या वाळुंजाचा सगोत्र. १९९५ व १९९६ या दोन वर्षांत कॅनडातून ३१ लांडगे आणून तेथे सोडण्यात आले. त्यांनी हरणे मारली, आणि जी उरली त्यांना काठावर निर्धास्तपणे चरेनाशी केली. विलो वाढले, विलोच्या फांद्यांनी ओढ्यावर बांध घालणारा बीव्हर हा प्राणी परतला, बांधामागे तळी साचली, मासे, बेडूक, पाणपक्षी आले, काठ मुळांनी बांधले गेले आणि नदीचा प्रवाहदेखील स्थिर झाला. २०१४ साली जॉर्ज मॉनबियो या इंग्रज लेखकाच्या निवेदनासह एका लहानशा चित्रपटाने ही कथा जगभर नेली.

या कथेचे मूळ मात्र अधिक जुने आहे. ऑल्डो लिओपोल्ड या अमेरिकन वनाधिकाऱ्याचा ‘अ सँड काउंटी ऑल्मनॅक’ हा निबंधसंग्रह त्याच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, १९४९ साली प्रसिद्ध झाला. त्यातील एका निबंधात, तरुणपणी आपण एक लांडगी मारली आणि पुढे लांडग्यांवाचून ओकेबोके झालेले डोंगर पाहून आपले मत कसे पालटले, हे त्याने सांगितले आहे. लांडगा गेला की हरीण डोंगर खाऊन टाकते आणि उघड्या डोंगराची माती नदीतून समुद्रास मिळते, असा त्याचा आशय आहे. लिओपोल्डच्या निबंधात पश्चात्ताप आहे, आणि पश्चात्ताप करणारा माणूस त्यात उभा आहे. चित्रपटात तो माणूस दिसेनासा झाला आहे. उरले आहेत ते लांडगा, हरीण, झाड आणि नदी. आमच्या मते या कथेतील मुख्य वैगुण्य हेच, आणि तिची शास्त्रीय बाजूही त्याच ठिकाणी लंगडी पडते.

शास्त्रीय बाजू अशी की, कथेतील पहिले वाक्य आणि शेवटचे वाक्य यांच्यामध्ये चार-पाच सांधे आहेत, आणि ते सगळे सारख्याच बळकटीचे नाहीत. हरणे घटली हे खरे. पण ती घटविण्यात लांडग्याबरोबर अस्वल, प्यूमा, अवर्षण आणि उद्यानाच्या हद्दीबाहेर बंदूक घेऊन बसलेला शिकारी यांचाही हात होता. विलो पुन्हा वाढले हे काही ठिकाणी खरे, काही ठिकाणी नाही. तेथील ओढ्यांवर २००१ साली एक प्रयोग सुरू झाला आणि वीस वर्षांचे त्याचे फलित २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. काही जागी हरणांना मज्जाव करणारे कुंपण घातले, काही जागी बीव्हराच्या बांधासारखे कृत्रिम बांध घालून पाण्याची पातळी उंचावली, काही जागी दोन्ही केले आणि काही जागा जशाच्या तशा ठेवल्या. जेथे चराईही थांबली आणि पाणीही वर आले, तेथे विलो जोमाने वाढले. नुसती चराई कमी झाल्याने ओढ्याचे पूर्वरूप परत आले नाही. याचे कारण उघड आहे. बीव्हर नाहीसा झाल्यावर बांध फुटले, ओढ्याने आपले पात्र खोल खणले आणि काठची भूजलपातळी खाली गेली. मुळाशी पाणीच नसेल तर शेंडा खाणाऱ्याला हाकलून झाड किती वाढणार? विद्वानांचा याविषयीचा वाद अद्याप मिटलेला नाही, आणि लांडग्यांमुळे विलो पुष्कळ वाढले असे मानणारा पक्षही समर्थ आहे. तथापि चित्रपटात ज्या निःशंक स्वरात ही कथा सांगितली आहे, तो स्वर शास्त्राचा नव्हे.

दुसरे उदाहरण याहून उद्बोधक आहे. अमेरिकेच्याच मिनेसोटा प्रांतातील व्हॉयाजर्स उद्यानात लांडगा बीव्हरासच खातो. जुन्या घरातून बाहेर पडून नव्या ओढ्यावर बिऱ्हाड थाटू पाहणारा एकटा बीव्हर त्याच्या तावडीत सापडला, की बांध अर्धवट राहतो आणि तळे होता होता राहून जाते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा एका तळ्याची हकीकत वर्षभराहून अधिक काळ पाहून नोंदली आहे. म्हणजे एका उद्यानात लांडगा बीव्हरास ओढ्यावर परत आणतो म्हणून त्याचा गौरव, तर दुसऱ्या उद्यानात तोच लांडगा बीव्हरास ओढ्यावर टिकू देत नाही. दोन्ही ठिकाणी जमिनीवरचा हिंस्र पशू गोड्या पाण्याच्या जीवनात हस्तक्षेप करतो, हे तत्त्व निर्विवाद सिद्ध होते. परंतु त्या हस्तक्षेपाने पाणी वाढेल की घटेल, हे पशूच्या जातीवरून सांगता येत नाही. मधली पात्रे कोण आहेत यावर ते अवलंबून असते. कथेतील नायक तोच ठेवून उपनायक बदलला तर शेवट उलटा होतो, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकास नवी वाटू नये.

आता आपल्याकडे वळू. वाघ आणि वन यांचा संबंध आपल्या वाङ्मयात फार प्राचीन काळी सांगितलेला आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात विदुर धृतराष्ट्रास उपदेश करताना कौरवांना वनाची आणि पांडवांना त्या वनातील व्याघ्रसिंहांची उपमा देतो. वनावाचून वाघ मारला जातो आणि वाघावाचून वन तोडले जाते, असा तेथील आशय आहे. पर्यावरणाच्या सभांतून हे वचन आज वारंवार उद्धृत होते, आणि आपल्या पूर्वजांस हे शास्त्र पूर्वीच ठाऊक होते, असा अभिमानही त्याबरोबर व्यक्त होतो. वस्तुतः ते वचन राजनीतीचे आहे. वनाचे वर्णन करणे हा विदुराचा हेतू नाही. पण ते बाजूला ठेवले तरी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. विदुराचा वाघ हरणे खाऊन वन राखीत नाही. वाघाच्या भीतीने कुऱ्हाड घेतलेला माणूस आत शिरत नाही, म्हणून वन राहते. अमेरिकन कथेत भिते ते हरीण. आपल्या वचनात भितो तो मनुष्य. हा भेद बारीक दिसला तरी महत्त्वाचा आहे, कारण ज्या देशात रानाच्या कडेस सर्वत्र वस्ती आहे, त्या देशात माणूस वगळून कथा सांगताच येत नाही, हे त्या प्राचीन उपमेने गृहीत धरलेले आहे.

कोंडाण्यास जाऊन पाहिले म्हणजे हे प्रत्यक्ष दिसते. राजमाचीच्या पायथ्याशी, दाट झाडीत, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेली बौद्ध लेणी तेथे आहेत. पावसाळ्यात त्यांच्या दर्शनी भागावरून धबधबा कोसळतो. खाली उल्हासचे खोरे. या खोऱ्यात पट्टेरी वाघ आता नाही. मुंबईच्या अगदी शेजारी, विहार तलावाच्या परिसरात, १९२९ च्या जानेवारीत एक वाघ मारला गेल्याची नोंद आहे. त्यावरून हा पशू या भागातून कोणत्या काळी मावळला याची कल्पना येते. मागे राहिला तो बिबट्या, आणि राहिली वाघाची देवस्थाने. सह्याद्रीच्या घाटवाटांवर वाघजाई आहे; आश्विन वद्य द्वादशीस ठाकर व महादेव कोळी वाघबारस पाळून वाघोबास नैवेद्य दाखवितात; आणि पालघर, ठाणे व मुंबई उपनगर या भागांत वारल्यांची वाघोबाची दीडशेवर ठाणी असल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नमूद आहे.

अमेरिकन कथा येथे जशीच्या तशी लावू गेल्यास काय होते? एल्कच्या जागी ठेवण्यास हरणांचे कळप नाहीत. भेकर, रानडुक्कर आणि क्वचित सांबर. ओढ्याचा काठ तुडवितात आणि कोवळे झाड खुडतात ती गुरे आणि शेळ्या. आणि गुरे पाण्यावर केव्हा उतरावयाची, किती वेळ थांबावयाची, हे बिबट्याच्या धाकाइतकेच गुराख्याच्या सवडीवर, पेंढ्याच्या भावावर आणि गावात गुरे राखणारे पोर उरले आहे की नाही यावर ठरते. बीव्हराच्या जागी ठेवण्यास तर कोणीच नाही. आपल्या ओढ्यांवर बांध घालणारा प्राणी एकच, तो म्हणजे मनुष्य. आणि त्याच्या बांधांचे माप काही निराळेच आहे. १९२२ साली टाटांच्या आंध्र व्हॅली योजनेचे पाणी ठोकळवाडीच्या धरणातून भिवपुरीच्या वीजगृहावर उतरू लागले. घाटमाथ्यावरची आंध्रा नदी स्वभावतः इंद्रायणी, भीमा आणि कृष्णा यांच्या वाटेने बंगालच्या उपसागरास जाणारी. तिचे पाणी वीज करून पेज नदीत सोडले जाते आणि उल्हासमार्गे अरबी समुद्रास मिळते. कर्जतच्या भागात पेज भर उन्हाळ्यात वाहती राहते ती यामुळे. एका खोऱ्याची नदी दुसऱ्या खोऱ्यात ओतणारा प्राणी ज्या तालुक्यात आहे, तेथे लांडग्याने नदी बदलल्याचे कौतुक सांगावे, हे काहीसे विनोदी आहे.

मग जमिनीवरचे भक्षक आणि ओढ्याचे जीवन यांचा कोंडाण्यात काही संबंधच नाही काय? आहे, मात्र तो पाहण्यासाठी नजर वाघाच्या उंचीवरून बरीच खाली आणावी लागते. जपानात होक्काइदो बेटावर होरोनाई नावाचा एक लहानसा ओढा आहे. शिगेरु नाकानो या शास्त्रज्ञाने त्याच्या एका भागावर जाळीचा मांडव घालून, झाडांवरून पाण्यात पडणारे किडे अडविले. रोजचा वरून मिळणारा घास बंद होताच मासे तळाशी असलेल्या जलकीटकांवर तुटून पडले. ते कीटक घटले आणि त्यांचे खाद्य असलेले शेवाळ वाढले. हा प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या लेखात त्याच ओढ्याचा वर्षभराचा जमाखर्च मांडला आहे. माशांच्या आहारातील सुमारे ४४ टक्के भाग रानातून येतो, आणि उलट काठच्या कीटकभक्षी पक्ष्यांच्या आहारातील सुमारे चौथा हिस्सा पाण्यात वाढून पंख फुटल्यावर वर आलेल्या किड्यांचा असतो. शिवाय या देवघेवीची वेळ अशी की, एकीकडे दुष्काळ असतो तेव्हा दुसरीकडे सुगी असते.

आमच्या ओढ्यावरचे भक्षक याच कोटीतील आहेत. काठच्या फांद्यांत जाळे लावून बसलेला कोळी, डोहावर सूर मारणारा खंड्या, बांधावर ध्यान लावलेली ढोकरी, बेडूक-साप टिपणारा सर्पगरुड, खेकड्याचे कवच फोडणारे मुंगूस. आणि सर्वांत चमत्कारिक तो चतुर. चतुराचे बालपण पाण्यात जाते; तेथे तो डासांच्या अळ्या आणि बेडकांची पिल्ले खातो; पंख फुटले की हवेत शिकार करतो. जमीन आणि पाणी या दोन्ही राज्यांत याची सत्ता चालते. राजमाचीच्या परिसरात पहिल्या पावसाच्या तोंडावर जे काजवे पाहण्यास माणसांची झुंबड उडते, त्या काजव्यांच्या अळ्याही ओलसर मातीतील गोगलगाई खाणाऱ्या शिकारी आहेत. या सर्वांस लागते काय? काठावर करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज यांची सावली, रात्री अंधार, आणि विषारी फवाऱ्यापासून मुक्त असे पाणी. पहिल्या पावसात वळगणीचे मासे उलट्या धारेने शेतांपर्यंत चढतात, कातकरी बायका दगडाखालून खेकडे काढतात. तोही याच जमाखर्चाचा एक भाग होय. वाघ परत आणण्याची कथा सांगणाऱ्यांच्या लेखी ही मंडळी फार क्षुद्र ठरतात, आणि म्हणून नदीकाठची झाडे तोडून फरसबंदी केलेल्या बागबंगल्यात बसूनही लांडग्याच्या कथेवर डोळे ओले करता येतात.

वाघ राखला म्हणजे पाणी राखले, हे सूत्रही याच दृष्टीने तपासण्यासारखे आहे. व्याघ्रप्रकल्पांच्या समर्थनात ते नेहमी ऐकू येते, आणि त्यात तथ्यांश आहे. राखलेल्या वनातून नद्यांना पाणी मिळते यात संशय नाही. परंतु महाराष्ट्रातील प्रमुख उदाहरणे पाहिली तर बाण उलट्या दिशेने गेलेला दिसतो. मुंबईच्या पाण्यासाठी विहार तलाव १८६० साली आणि तुळशी १८७९ साली पुरा झाला. तलावात घाण उतरू नये म्हणून भोवतालचे पाणलोट क्षेत्र मोकळे राखण्यात आले, आणि ते राखल्यामुळे महानगराच्या पोटात रान शिल्लक राहिले. आज तेच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा गाभा आहे, आणि २०१५ च्या पाहणीत त्या उद्यानात व आसपास छायाचित्रांवरून ३५ बिबटे ओळखण्यात आले. तेथे बिबट्याने पाणी राखले नाही. पाण्याच्या गरजेने बिबट्या राखला. सह्याद्री व्याघ्रप्रकल्पाची कथाही तीच. कोयनेचे धरण विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात उभे राहिले. अभयारण्य झाले १९८५ साली. आणि कोयना व चांदोली मिळून व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला तो २०१० साली. आधी जलाशय, मग अभयारण्य, आणि शेवटी वाघाचे नाव.

या क्रमात एक पात्र प्रत्येक वेळी रंगभूमीवरून खाली उतरविले गेले. जलाशयासाठी गावे उठली. अभयारण्यासाठी पुन्हा काही उठली. वाघाच्या भीतीने जे काम पूर्वी होत असे, ते आता कायद्याने होते, आणि त्या कायद्याचा भार तलावाचे पाणी पिणाऱ्या शहरापेक्षा रानाच्या कडेने राहणाऱ्या माणसावर पडतो. वाघोबास नैवेद्य दाखविणाऱ्या समाजाने वाघ आणि पाणवठा या दोहोंबरोबर राहण्याची एक रीत घालून घेतली होती. ती भीतीची होती, गरजेची होती, आदराचीही होती. तिला रमणीय करून सांगण्याचे कारण नाही. शेळी गेली की घराचे नुकसान होतेच, आणि पोर गेले तर त्या दुःखास भरपाई नाही. परंतु ज्या कथेत त्या माणसास स्थानच नाही, ती कथा ऐकून धोरण ठरवू लागल्यास अन्याय होणे अटळ आहे.

कोंडाण्यास हा प्रश्न पुस्तकी नाही. उल्हासवर कोंडाण्याजवळ धरण बांधण्यास २०११ साली मान्यता मिळाली. पुढे काम थांबले, आणि नंतर ही योजना शेतीच्या पाण्याऐवजी नवी मुंबईच्या परिसरास पाणी देण्यासाठी सिडकोकडे सोपविण्यात आली. धरण व्हावे की न व्हावे, याचा निर्णय देण्याचे हे स्थळ नव्हे. पण विहार आणि कोयना यांच्या क्रमाने पाहता, येथेही उद्या जलाशय, परवा राखीव पाणलोट आणि तेरवा बिबट्याचे अभयारण्य असा कार्यक्रम कोणी सुचविला तर नवल नको. त्या वेळी लांडग्याची कथा सांगितली जाईल. वाहता ओढा बुडवून साचलेले पाणी केले म्हणजे वळगणीच्या माशांचे काय होते, काठच्या सावलीतील चतुराचे काय होते, खेकड्यांवर पावसाळा काढणाऱ्या कातकरी कुटुंबाचे काय होते, हे प्रश्न त्या कथेत बसत नाहीत. म्हणून ते कथेबाहेरच राहतील.

तात्पर्य, यलोस्टोनची कथा टाकाऊ आहे असे आमचे म्हणणे नाही. रानातला पशू आणि पाण्यातला जीव एका धाग्याने बांधलेले आहेत, ही जाणीव तिने सामान्य वाचकास दिली, आणि हे कार्य लहान नव्हे. तिचा दोष इतकाच की, धाग्याची मधली वीण सोडून तिने दोन टोकेच दाखविली, आणि ज्या हातांनी तो धागा तोडला व पुन्हा जोडला ते हात झाकून ठेवले. लांडगे मारणारा माणूस, बीव्हर पकडणारा माणूस, कॅनडातून लांडगे पिंजऱ्यात घालून आणणारा माणूस, हे सर्व त्या कथेचे खरे कर्ते आहेत. मराठीत ही कथा सांगावयाची असल्यास ती त्यांच्यासह सांगावी. वाघाबरोबर गुराखी, बिबट्याबरोबर धरणाचा अभियंता आणि ओढ्याबरोबर खेकडे काढणारी बाई तिच्यात यावी. शिकारकथांनी आपल्या वाङ्मयात पाणवठा आणला तो वाघाची वाट पाहण्याची जागा म्हणून. त्या पाण्यात काय जगते याची विचारपूस त्यांनी फारशी केली नाही. ती विचारपूस करणारे लेखन आपल्या भाषेत अद्याप फार थोडे आहे. कर्जतच्या एखाद्या शाळेने एक ओढा निवडून, बारा महिने त्यातील चतुर, बेडूक, खेकडे आणि मासे मोजले, काठची झाडे नोंदली आणि कोणती गुरे केव्हा पाण्यावर येतात हे टिपले, तर परदेशी चित्रपटाच्या शंभर पारायणांनी जे कळणार नाही ते त्या वहीतून कळेल. अशी एक वही आमच्याकडे परीक्षणार्थ आली, तर तिच्यावर लिहिण्यात आम्हांस या लेखापेक्षा अधिक समाधान वाटेल.